थोडंफार बघतो

४ फेब्रुवारी

ती. काका,

तुमचा अर्ज का नामंजूर झाला, ते क्रमाने लिहिते.

१. मायक्रोस्कोपची दुरुस्ती शिकवण्यासाठी आमच्या संस्थेत प्रात्यक्षिक शिक्षकाची एक जागा निघाली. पदवीची अट नव्हती. 'व्यवसाय म्हणून किमान दहा वर्षांचा अनुभव' एवढी एकच अट होती.
२. अकरा अर्ज आले. त्यांत तुमचा होता.
३. तुमच्या अर्जात 'व्यवसाय' या रकान्यात 'शाळेत शिपाई, ३३ वर्षे, निवृत्त' असं होतं. 'इतर' या रकान्यात 'मायक्रोस्कोपचं थोडंफार बघतो' असं होतं.
४. अर्जांची तांत्रिक छाननी झाली. तुमच्या अर्जावर 'दुरुस्ती हा छंद आहे, व्यवसाय नव्हे' असा शेरा लिहिला गेला.
५. विभागप्रमुख बाईंनी शेऱ्याखाली सही केली.
६. जागा अजून भरलेली नाही. दुसरी यादी मार्चअखेर लागेल.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ऐकू आलं नाही की तुम्ही 'बरं, बरं' म्हणून मोकळे होता, म्हणून हे लिहून पाठवते आहे.

'छंद' हा शब्द तुम्हाला टोचला असेल. त्यात कमीपणा नाही. मी शब्दकोश पाहिला. नोकरी दुसऱ्याची करतात, धंदा स्वतःचा असतो. पेशा म्हटलं की त्यामागे शिक्षण किंवा परवाना धरला जातो. व्यवसाय हा या सगळ्यांवर बसणारा झाकणासारखा शब्द आहे. सगळ्यांत समान गोष्ट म्हणजे मोबदला. मोबदल्याशिवाय, आवडीने, नियमित केलेल्या कामाला छंद म्हणतात. तुम्ही दुरुस्तीचा मोबदला कधी घेतला नाही. त्यामुळे शेरा शब्दशः बरोबर आहे.

काकूला नमस्कार. तिचा गुडघा कसा आहे?

— पुतणी


११ फेब्रुवारी

चि. मोजपट्टी,

आशीर्वाद. पत्र पोचलं. दोनदा वाचलं, एकदा चष्म्याने आणि एकदा भिंगाने. दोन्ही वेळा मजकूर तोच निघाला.

टोचलं वगैरे काही नाही गं. आमच्या आईच्या तोंडी मात्र हा शब्द वाईट वळणाचा असायचा. 'थोरल्याला छंद लागलाय' म्हणजे थोरला पत्त्यांच्या नादी लागला. त्यामुळे संस्थेच्या कागदावर माझ्या नावापुढे छंद बघून पहिल्यांदा वाटलं, आपण एवढे वाया गेलो आणि आपल्याला पत्ताच नाही.

पैशाचं म्हणशील तर ते तुलाही माहीत नसेल. शाळेचा नियम होता, शिपायाने दुसरा धंदा करायचा नाही. मायक्रोस्कोपचे पैसे घेतले असते तर तो धंदा झाला असता आणि नोकरी गेली असती. म्हणून घेतले नाहीत. आता ते न घेतलेले पैसे आडवे आले. नोकरीने धंदा करू दिला नाही आणि धंदा केला नाही म्हणून ही नोकरी नाही. बसवणाऱ्याने भिंग बरोबर बसवलं आहे, मध्यावर. माझी वही आहे, तिच्यात सोळा शाळांचे दोनशे चौदा मायक्रोस्कोप आहेत. पण वही म्हणजे पावती नव्हे, हेही खरं.

तू माझ्यासाठी शब्द टाकला असशील आणि तो वाया गेला असेल, म्हणून तुझं पत्र असं कोरडं आलं, हे मला कळलं. लहानपणीही तुला रडू आलं की तू पाढे म्हणायचीस. मनाला लावून घेऊ नकोस. तू तिथे कायम झालीस, तेच आमच्या घराला पुष्कळ आहे. मी चारचौघांत सांगतो, आमची पुतणी भिंगांची इंजिनियर आहे. लोक विचारतात, म्हणजे चष्म्याचं दुकान का? मी 'हो' म्हणतो. कुठे समजावत बसा.

एक काम कर. इथले विज्ञानाचे सर म्हणाले, तुमच्या संस्थेने दुरुस्तीची पुस्तिका काढली आहे आणि तिच्यात दिव्याने भिंग मध्यावर आणायची रीत दिली आहे. शिकलेली माणसं ते कसं करतात ते बघायची इच्छा आहे. एक प्रत पाठवशील का?

काका

ता. क. काकूकडून. गुडघा आहे तिथेच आहे. मला एवढंच सांग, शेरा 'लिहिला गेला' म्हणजे काय गं? आपोआप उमटला का? लिहिणाऱ्याचं नाव मी विचारत नाही. त्याने यांचा हात कधी पाहिलाय का, तेवढं सांग.


२७ फेब्रुवारी

ती. काका,

उत्तराला उशीर झाला. वार्षिक तपासणी चालू होती.

पुस्तिका संस्थेबाहेर देत नाहीत.

मी तुमच्यासाठी शब्द टाकला नव्हता. तुमचा तसा समज राहू नये म्हणून कळवते.

दुसऱ्या यादीसाठी फेरअर्ज करता येतो. तो करावा असं माझं मत आहे. या वेळी 'बघतो' लिहू नका. तुमची ती सवय आहे. नळ दुरुस्त केला तरी 'जरा नळ बघत होतो', भिंगावरची बुरशी अख्खी काढली तरी 'जरा बघितलं'. कामाच्या माणसाला हे ऐकून कळतं, पण कागदाला कळत नाही. 'करतो' असं लिहा. सोळांपैकी निदान पाच शाळांची पत्रं जोडा. मोबदल्याऐवजी कामाची संख्या आणि वर्षं दाखवता आली तर अट पूर्ण धरतात, असा एक जुना दाखला मला सापडला आहे. त्याची प्रत सोबत आहे.

काकूच्या प्रश्नाचं उत्तर: शेरा लिहिणाऱ्याने काकांचा हात पाहिलेला आहे. याहून जास्त मला आत्ता सांगता येत नाही.

— पुतणी


८ मार्च

चि. मोजपट्टी,

आशीर्वाद. तू पाठवलेला दाखला मिळाला. बराच शोध घेतलेला दिसतो.

पुस्तिका मिळाली. सरांनी तुमच्या संस्थेला पत्र टाकलं, आठवड्याभरात टपालाने आली. बाहेर देतात, बहुतेक तुला कुणी सांगितलं नसेल.

पान एक्केचाळीस उघडलं आणि मला हसूच आलं. चित्रात आमच्या मोडक्या सायकलच्या चाकाचा आस! तू त्याला 'फिरता आस' असं भारदस्त नाव दिलं आहेस आणि पितळी केला आहेस, पण मी त्याला ओळखलं. आसाच्या टोकाला मेणाने भिंग चिकटवायचं, समोर दिवा, भिंगात दिव्याचं प्रतिबिंब. आस फिरवला की प्रतिबिंब नाचतं. काडीने भिंग इवलंसं ढकलायचं, परत फिरवायचं. प्रतिबिंब जागच्या जागी उभं राहिलं की भिंग मध्यावर आलं. सगळं नीट लिहिलं आहेस. मला असं लिहिता आलं नसतं.

एक गोष्ट चुकली आहे, ती दुरुस्त कर. चित्रात दिवा उजवीकडे आहे आणि काडी डाव्या हातात. मी डावखुरा, म्हणून माझी मांडणी तशी. तू तर उजव्या हाताची. तुझी मुलं उजव्या हाताने काडी धरत असतील, तर त्यांच्याच हाताची सावली भिंगावर पडत असेल. बिचारी माना वाकड्या करून बसत असतील. दिवा डावीकडे घे, एवढंच.

लेखिका म्हणून तुझं नाव बघून बरं वाटलं. माझं घातलं नाहीस ते व्यवहाराला धरूनच झालं. शिपायाचं नाव असतं तर पुस्तिका कुणी उघडली नसती.

त्रेचाळिसाव्या पानावर खाली एक ओळ आहे, 'ही पद्धत लेखिकेने विकसित केली'. विकसित म्हणजे नक्की काय? तुझ्याकडे शब्दकोश आहे, बघून कळव.

फेरअर्ज मी करणार नाही. मला आता छंद हाच शब्द बरा वाटायला लागला आहे. छंद सोडता येतो, त्याला राजीनामा लागत नाही.

काका


१० मार्च

चि. मुली,

हे पत्र मी त्यांना न सांगता लिहिते आहे. अक्षर लागत नसेल तर तुझं ते भिंग घे.

तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी ते जेवले, हसले, शेजाऱ्यांना वाचूनही दाखवलं. मला वाटलं, उतरलं डोक्यातून. पुस्तिका आली त्या दिवशी त्यांनी ती दुपारभर मांडीवर ठेवली. मग उठले, सगळी हत्यारं पुसली आणि पेटीत भरली. काड्यासुद्धा. तो आस फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. मी म्हटलं, काय, कुठे निघालात? तर म्हणाले, पसारा झाला होता.

परवा मुलींच्या शाळेतून दोन मायक्रोस्कोप आले. दारातूनच परत पाठवले. 'मी ते करत नाही,' म्हणाले. चाळीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. ते 'करतो' असंही कधी म्हणाले नाहीत, पण 'करत नाही' असंही कधी म्हणाले नाहीत. 'ठेवून जा, बघतो' म्हणायचे.

आता सकाळपासून खुर्ची दारात टाकून बसतात. येणारी-जाणारी माणसं मोजतात. मला विचारतात, भाजी निवडून देऊ का. संसारात एवढी मदत कधी केली नव्हती, आणि मला ती नको आहे.

सहा वर्षं आमच्याकडे राहून शिकलीस. त्या दिव्यासमोर माझ्यापेक्षा जास्त वेळ तू बसली आहेस. शेरा लिहिणाऱ्याने हात पाहिलाय असं तू लिहिलंस. हा हात पाहिलेली शिकलेली माणसं जगात किती आहेत, ते मला मोजता येतं. त्यासाठी पट्टी लागत नाही.

मला माहीत आहे असं धर आणि लिही. मला नको, त्यांना लिही.

काकू


१६ मार्च

ती. काका,

काकूने मला पत्र लिहिलं. तिच्यावर रागावू नका.

४ फेब्रुवारीच्या पत्रातली यादी अपुरी होती. पुरी यादी अशी आहे.

१. तीन वर्षांपूर्वी मला संस्थेत कायम होण्यासाठी स्वतःची एक नवी कार्यपद्धती दाखवायची होती. माझ्याकडे नव्हती. मी तुमची दाखवली.
२. सायकलचा आस काढून मी पितळी बसवला. बाकी काही बदललं नाही. दिव्याची जागासुद्धा नाही.
३. पुस्तिकेत 'लेखिकेने विकसित केली' ही ओळ मी स्वतः लिहिली. मला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं.
४. प्रात्यक्षिक शिक्षकाच्या अर्जांची छाननी माझ्याकडे आली. तुमचा अर्ज पाचवा होता. तुम्ही माझे काका आहात हे मी कुणाला सांगितलं नाही. तुम्हीही अर्जात माझं नाव घातलं नव्हतं. ते तुम्ही माझी अडचण होऊ नये म्हणून केलं असणार.
५. तुम्ही इथे आलात तर पहिल्याच दिवशी आस फिरवाल आणि दहा मिनिटांत सगळ्यांना सगळं कळेल, हे मला दिसलं.
६. 'थोडंफार बघतो' या तुमच्या शब्दांचा खरा अर्थ संस्थेत फक्त मला ठाऊक होता. मी तो माहीत नसल्यासारखं वागले आणि 'छंद' असा शेरा लिहिला. शेरा लिहिला गेला नाही. मी लिहिला.
७. पुस्तिका बाहेर देत नाहीत, हे खोटं होतं.

तुम्ही विकसितचा अर्थ विचारला. आधीपासून असलेली गोष्ट वाढवून पुढे नेणं, असा अर्थ आहे. मी काही वाढवलं नाही. त्या ओळीत तो शब्द खोटा आहे.

पहिल्या पत्रात मी शेरा शब्दशः बरोबर असल्याचं लिहिलं. ते मी तुम्हाला समजावत नव्हते, स्वतःला समजावत होते. अर्जदाराने स्वतःबद्दल जे लिहिलं तेच मी धरलं, हे वाक्य मी तेव्हापासून मनात तयार ठेवलं होतं. कुणी विचारलं तर ते द्यायचं. कुणी विचारलं नाही. तुम्ही तर नाहीच. तुम्ही लिहिलंत की मी शब्द टाकला असेन आणि तो वाया गेला असेल. ते पत्र मी टेबलाच्या खणात उलटं ठेवलं आहे. पंधरा दिवस त्याला उत्तर लिहिता आलं नाही. तपासणी दोन दिवसांचीच होती.

दिव्याबद्दल. आतापर्यंत बेचाळीस विद्यार्थ्यांनी मान वाकडी करून हे काम केलं. त्यांतल्या चौघांनी मला विचारलं की दिवा इथे का. मी सांगितलं, पद्धतच तशी आहे. मी स्वतःही तीन वर्षं सावलीतच काम करते आहे, आणि हे तुमच्या डाव्या हातामुळे असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही. मी नऊ वर्षांची असताना शेजारी बसून जसं पाहिलं तसंच उतरवलं. पाहताना मी मोजमापं घेतली, ती कुणाच्या हाताची आहेत ते पाहिलं नाही.

परवा मी विभागप्रमुख बाईंकडे गेले आणि वरची यादी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती वाचली आणि तुमचा अर्ज काढायला सांगितला. 'इतर'चा रकाना त्यांनी पुन्हा वाचला.

"हे थोडंफार बघतो म्हणतात. तुम्ही काय बघितलं होतं?"

मी सांगितलं, ते प्रतिबिंब थांबेपर्यंत श्वास धरतात. थांबलं की 'बसलं' म्हणतात आणि मग सोडतात. लहानपणी मला वाटायचं, श्वास किती वेळ धरला ते मी मोजावं म्हणून तसं करतात. माझी सर्वांत मोठी मोजणी त्रेचाळीस आहे. मी पाढे म्हटले नाहीत, पण जवळजवळ तसंच झालं.

बाई म्हणाल्या, "हे शेऱ्यात लिहायला तुम्हाला एक ओळ पुरली असती."

नंतर त्यांनी जे ठरवलं ते असं. माझा शेरा रद्द झाला आहे. तुमच्या अर्जाची छाननी आता बाहेरचा माणूस करेल, कारण मी तुमची पुतणी आहे हे आता नोंदलं गेलं आहे. पुस्तिका नव्याने छापली जाईल. तिच्यात दिवा डावीकडे असेल आणि पद्धत कुणाची ते पहिल्या पानावर असेल. तुमचं नाव घालू का, हे तुम्हाला विचारल्याशिवाय घालणार नाही. शिपायाचं नाव असेल तर पुस्तिका कुणी उघडणार नाही, हे तुमचं म्हणणं मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, बघू या उघडतात का. माझं कायमपण पुन्हा समितीपुढे जाईल. ते जायलाच हवं. तुम्ही त्यात मध्ये पडू नका, आणि माझ्या नोकरीचा विचार करून नकार देऊ नका. तुम्ही आलात किंवा नाही आलात, समितीपुढे मी जाणारच आहे.

मुलींच्या शाळेतले दोन मायक्रोस्कोप परत मागवा, असं म्हणायचा मला अधिकार नाही. तरी म्हणते आहे. जागा मिळो न मिळो, ती पेटी माझ्यामुळे बंद राहू नये.

मी माफी मागितली तर तुम्ही 'बरं, बरं' म्हणाल, न ऐकताच. म्हणून ती इथे लिहून ठेवते, म्हणजे तुम्हाला भिंग घेऊन वाचता येईल. काका, मला लाज वाटते. तुम्ही शिपाई होता याची मला कधी लाज वाटली नव्हती, आणि तुम्हाला तसं वाटलं असेल तर ते चूक आहे. तुमची लाज वाटली असती तर ते मी समजून घेतलं असतं, वाईट का होईना. हे त्याहून वाईट आहे. तुमचं काम मला इतकं चांगलं वाटत होतं की ते माझंच असावं असं वाटलं.

सोबत अर्जाचा दुसरा कागद आहे. सगळे रकाने मी तुमच्या जुन्या अर्जावरून भरले आहेत. 'व्यवसाय' हा एकच रकाना कोरा ठेवला आहे. त्यात काय लिहायचं ते मी सुचवणार नाही, गेल्या खेपेचं 'करतो'सुद्धा नाही. नोकरी लिहा, धंदा लिहा, कसब लिहा, छंद लिहा, किंवा आणखी काही. 'बघतो' लिहिलंत तरी चालेल. छाननी करणाऱ्याला त्याचा अर्थ सांगणारी एक ओळ मी लिहून, सही करून, जोडली आहे. रकाना तुमच्या हाताने भरलेला असला पाहिजे, डाव्या. अर्ज करायचाच नसेल, तर त्याच रकान्यात 'नाही' असं लिहा आणि कागद परत पाठवा. तो मी तसाच बाईंना देईन.

कागद २८ तारखेला बाईंच्या टेबलावर हवा आहे. टपालाला तीन दिवस लागतात. कृपया तुमचं उत्तर २५ मार्चपर्यंत माझ्याकडे पोचेल असं टाका.

— मोजपट्टी